सैनिकाच्या पत्नीला निवडणुकीचे काम लागते का?

पत्र : महोदय, मी सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे आणि दोन लहान मुलांसह दहिवडीत भाड्याच्या खोलीत राहते. माझे पती लष्करात हवालदार असून त्यांची नेमणूक सध्या जम्मू भागात आहे. मला नोकरी लागण्यापूर्वी आम्ही सर्व जण बेळगावला क्वार्टरमध्ये राहत होतो. त्या वेळी त्यांच्याबरोबर माझेही नाव सैनिक मतदार म्हणून सासरच्या, म्हणजे पाटण तालुक्यातील गावाच्या मतदारसंघात नोंदवले गेले. नोव्हेंबर 2024 च्या विधानसभा निवडणुकीत मला मतदान अधिकारी क्रमांक 2 म्हणून नेमले होते. दिवसभर लोकांच्या बोटांना शाई लावली, पण माझे स्वतःचे मत राहून गेले. निवडणूक कर्मचाऱ्यांनी मत देण्याच्या सुविधा केंद्रावर माझे नाव मिळाले नाही आणि माझी मतपत्रिका पतीच्या युनिटकडे गेल्याचे मागाहून कळले. गावात सर्वांचे म्हणणे असे की सैनिकाच्या घरच्या माणसांना निवडणुकीचे काम देताच येत नाही, मी अर्ज केला नाही म्हणून अडकले. हे खरे आहे का? पुढच्या निवडणुकीत नाव वगळून घेता येईल का? माझे सासरे निवृत्त सुभेदार आहेत. त्यांना एका उमेदवाराने पोलिंग एजंट म्हणून बसण्यास सांगितले आहे, आणि पती रजेवर आले तर तेही बसणार म्हणतात. माझ्या जाऊबाईंचे पतीही सैन्यात आहेत. जाऊबाई पुण्यात क्वार्टरमध्ये राहतात, गृहिणी आहेत आणि त्यांना मतदान केंद्रावर काम करण्याची हौस आहे. त्यांना ते मिळेल का?
— एक सैनिकपत्नी, माण

उत्तर :

ताई,

गावात सांगितले जाते तसा कोणताही नियम नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951 च्या कलम 26 नुसार मतदान केंद्राध्यक्ष आणि मतदान अधिकारी नेमण्याचा अधिकार जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याचा, म्हणजे व्यवहारात जिल्हाधिकाऱ्याचा आहे आणि या कलमाने त्याला एकाच प्रकारच्या व्यक्तीची नेमणूक करण्यास मनाई केली आहे : जिला उमेदवाराने निवडणुकीच्या कामासाठी नेमले आहे किंवा जी अन्य प्रकारे त्याच्यासाठी काम करीत आली आहे, अशी व्यक्ती. पती, वडील किंवा मुलगा सैन्यात असणे ही अपात्रता त्यात कोठेही नाही. आपल्याला आदेश आला तो आपण जिल्हा परिषदेच्या शिक्षिका आहात म्हणून आला. त्याच कायद्याच्या कलम 159 प्रमाणे स्थानिक प्राधिकरणे, विद्यापीठे, सरकारी कंपन्या आणि शासनाच्या पैशावर मुख्यत्वे चालणाऱ्या संस्था यांनी आपले कर्मचारी निवडणुकीसाठी उपलब्ध करून द्यावयाचे असतात आणि जिल्हा परिषद हे स्थानिक प्राधिकरण आहे. शिक्षकांना अशैक्षणिक कामे देऊ नयेत असे शिक्षण हक्क कायदा 2009 चे कलम 27 सांगते, हे आपण शिक्षकांच्या बैठकांत ऐकले असेलच. परंतु त्याच कलमात दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका हे तीन अपवाद स्पष्टपणे लिहिलेले आहेत, ही गोष्ट बैठकांत थोडी कमी सांगितली जाते.

हा गैरसमज कोठून आला असावा, याचा मी विचार केला. माझी बरीच नोकरी तहसील कार्यालयाच्या निवडणूक शाखेत गेली आणि प्रत्येक निवडणुकीत असे दोन-चार अर्ज माझ्या टेबलावर येत असत. माझा तर्क असा की सैनिकावर स्वतःवर जी बंधने आहेत, ती लोकांनी त्याच्या घरावरही लावून टाकली. लष्करी नियम 1954 मधील नियम 20 नुसार सैनिकाला राजकीय सभेत भाग घेता येत नाही, उमेदवार म्हणून स्वतःला जाहीर करता येत नाही आणि कोणत्याही उमेदवाराच्या विजयासाठी सक्रियपणे झटता येत नाही. ही शिस्त गणवेश घालणाऱ्या माणसाची आहे. ती त्याच्या पत्नीला लागू नाही. आपल्यावर जी बंधने आहेत, ती आपल्या स्वतःच्या नोकरीच्या आचारनियमांची.

इतर देशांत हा प्रश्न खराच अडचणीचा होतो, हे जाता जाता सांगतो. अमेरिकेत मतदान केंद्रावरचे कर्मचारी बहुतेक ठिकाणी सामान्य नागरिकांतून घेतले जातात आणि अनेक राज्यांत त्यासाठी त्या राज्याचा किंवा त्या परगण्याचा नोंदणीकृत मतदार असावे लागते. सैनिकाबरोबर बदलीच्या गावी राहणाऱ्या जोडीदाराला 2009 च्या एका संघीय कायद्याने आपले मूळ राज्य कायम ठेवण्याची मुभा दिलेली आहे. पण ती मुभा घेतली की मतदार यादीतले नाव मूळ राज्यातच राहते आणि जेथे प्रत्यक्ष राहतो तेथील केंद्रावर काम करण्याची पात्रता जाते. आपल्याकडे कामाची नेमणूक मतदार यादीवर अवलंबून नसल्यामुळे हा पेच उद्भवत नाही. आपल्याकडचा पेच मताचा आहे, आणि तो आपल्याला नोव्हेंबरमध्ये अनुभवास आलेला आहे.

तो नीट उलगडणे आवश्यक आहे, कारण आपल्या पत्रातील खरी दुखरी जागा मला तीच वाटते. लोकप्रतिनिधित्व कायदा 1950 च्या कलम 20 नुसार सैनिक नोकरीनिमित्त कोठेही असला, तरी ही नोकरी नसती तर तो ज्या मतदारसंघात राहिला असता, तेथीलच रहिवासी मानला जातो. म्हणून जम्मूत असलेल्या आपल्या पतींचे नाव पाटणला आहे. हीच सोय कायद्याने सैनिकाच्या जोडीदारालाही दिली आहे. पूर्वी कायद्यात ‘पत्नी’ असाच शब्द होता, त्यामुळे महिला अधिकाऱ्याच्या पतीला ही सोय मिळत नसे. डिसेंबर 2021 मध्ये संमत झालेल्या दुरुस्तीने तेथे ‘जोडीदार’ हा अर्थ आला आणि 1 ऑगस्ट 2022 पासून तो लागू झाला. मात्र या सोयीला एक अट जोडलेली आहे आणि ती पूर्वीइतकीच पक्की आहे : जोडीदार सैनिकाबरोबर सामान्यतः राहत असला पाहिजे. बेळगावच्या क्वार्टरमध्ये आपण एकत्र राहत होता तोवर ही अट पूर्ण होत होती. शिक्षिका म्हणून आपण दहिवडीत बिऱ्हाड केले, मुलांना तेथील शाळेत घातले, त्या दिवसापासून ती पूर्ण होत नाही. यात आपला दोष नाही. नोकरी, घर, शाळा यांच्या धावपळीत मतदार यादीची आठवण फारशी कोणाला होत नाही.

आता नोव्हेंबरमध्ये काय घडले ते पाहू. सैनिक मतदारांची नावे मतदारसंघाच्या यादीच्या अगदी शेवटच्या भागात वेगळी छापलेली असतात. त्यांना मतदार ओळखपत्रही दिले जात नाही. त्यांची टपाली मतपत्रिका आता इलेक्ट्रॉनिक पद्धतीने युनिटकडे पाठवली जाते. 2016 साली नियम बदलून ही पद्धत आणली गेली आणि त्याच वर्षी पुदुच्चेरीतील नेल्लितोप येथील पोटनिवडणुकीत ती प्रथम वापरली गेली. 2019 च्या लोकसभा निवडणुकीपर्यंत देशातील सुमारे 18 लाख सैनिक मतदार तिच्या कक्षेत आले होते. मतपत्रिका जाते संगणकावरून, परत येते मात्र टपालाने, आणि मतमोजणी सुरू होण्यापूर्वी ती निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या हाती पडली तरच मोजली जाते. जोडीदाराची मतपत्रिकाही याच वाटेने जाते. म्हणजे आपण साताऱ्यात मतदान केंद्रावर बसला होता आणि आपली मतपत्रिका जम्मूत होती. ‘ह्यांनीच माझीही भरून पाठवली असती तर?’ असे मनात आले असेल, तर तो विचार सोडून द्या. मतपत्रिकेबरोबरच्या घोषणापत्रावर मतदाराला स्वतः, साक्षांकन करणाऱ्या अधिकाऱ्यासमोर सही करावी लागते आणि अशा प्रकारे दुसऱ्याचे मत देणे हा गुन्हा आहे, मग तो दुसरा कितीही जवळचा असो.

उपाय सोपा आहे, पण तो निवडणूक जाहीर होण्याची वाट न पाहता आताच करावा. दहिवडीच्या पत्त्यावर नमुना 6 भरून माण विधानसभा मतदारसंघात सर्वसाधारण मतदार म्हणून नोंदणी करा. अर्ज आयोगाच्या पोर्टलवर किंवा आपल्या भागाच्या मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे (बीएलओ) देता येतो. भाडेकरार किंवा वास्तव्याचा अन्य पुरावा सोबत जोडा. त्याच वेळी पाटणच्या मतदार नोंदणी अधिकाऱ्याला पत्र लिहून, आपण आता पतींबरोबर राहत नसल्यामुळे सैनिक मतदारांच्या भागातील आपले नाव वगळावे अशी विनंती करा, आणि पतींनाही त्यांच्या युनिटमार्फत तसे कळवण्यास सांगा. हे दुसरे पत्र टाळू नका. एकाच व्यक्तीचे नाव एकापेक्षा जास्त मतदारसंघांत असणे 1950 च्या कायद्याच्या कलम 17 ला मान्य नाही आणि नोंदणी अर्जातील घोषणा जाणूनबुजून खोटी केल्यास कलम 31 नुसार एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ‘गावचे नाव कशाला काढतेस, राहू दे की तिकडेच’ असा आग्रह सासरहून होण्याची शक्यता आहे. माझे मत विचाराल तर येथे भावनेला जागा देऊ नये. दहिवडीत राहणाऱ्या माणसाचे मत दहिवडीचे. पाटण सातारा लोकसभा मतदारसंघात येते आणि माण माढा लोकसभा मतदारसंघात, त्यामुळे या नोंदणीने आपला खासदारही बदलेल, एवढे मात्र लक्षात असू द्या.

सर्वसाधारण यादीत नाव आले की कामावर असतानाही आपले मत सुरक्षित राहते. निवडणूक संचालन नियम 1961 नुसार कामावरील मतदारासाठी दोन मार्ग आहेत. नेमणूक आपल्याच मतदारसंघात झाली, तर नमुना 12 अ भरून निवडणूक कर्तव्य प्रमाणपत्र घ्यावे. ते दाखवून आपण ज्या केंद्रावर काम करीत असाल तेथेच यंत्रावर मत देता येते. हा अर्ज मतदानाच्या किमान चार दिवस आधी पोहोचावा लागतो. नेमणूक दुसऱ्या मतदारसंघात झाली, तर नमुना 12 भरून टपाली मतपत्रिका मागावी आणि त्यासाठी किमान सात दिवसांची मुदत आहे. 2023 मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर ही मतपत्रिका घरी नेता येत नाही. ती सुविधा केंद्रावरच घ्यायची, तेथेच मत नोंदवायचे आणि तेथेच परत करायची. प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी हजेरीच्या गर्दीत हे नमुने वाटले जातात आणि पुष्कळ जण ‘नंतर भरू’ म्हणून ते पिशवीत ठेवतात. आपण तसे करू नका. यादीचा भाग क्रमांक आणि अनुक्रमांक आधीच एका चिठ्ठीवर लिहून न्यावा आणि अर्ज तेथेच भरून द्यावा.

आता निवडणुकीच्या कामातून नाव वगळण्याविषयी. निवडणूक कामासाठी नेमलेला कर्मचारी कायद्याने त्या काळापुरता निवडणूक आयोगाच्या प्रतिनियुक्तीवर असतो. 1951 च्या कायद्याच्या कलम 134 नुसार वाजवी कारणाशिवाय कर्तव्यात कसूर करणाऱ्याला पाचशे रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम किरकोळ दिसते, पण हा गुन्हा दखलपात्र आहे आणि त्यामागून येणारी विभागीय कारवाई किरकोळ नसते. गैरहजर राहू नये, अर्ज करावा. गर्भवती, प्रसूती रजेवर असलेल्या आणि अंगावर पाजणाऱ्या महिला तसेच वैद्यकीय सल्ल्यानुसार श्रमाचे काम करू न शकणाऱ्या महिला यांना नेमू नये, अशा आयोगाच्या सूचना आहेत. पती आणि पत्नी दोघेही निवडणुकीच्या कामावर असतील, तर मुलांसाठी एकाला मोकळे ठेवण्याची विनंती करता येते. परंतु आपले पती निवडणुकीच्या नव्हे, सीमेच्या कामावर आहेत, आणि या सवलतीच्या शब्दांत ते बसत नाहीत. मला व्यक्तिशः हे विचित्र वाटते. ज्या घरातील दुसरा पालक शेजारच्या तालुक्यात नसून हजार मैलांवर आहे, त्या घराची अडचण काकणभर जास्तच असणार.

त्यामुळे अर्ज कसा लिहावा, यावर बरेच अवलंबून आहे. ‘मी सैनिकाची पत्नी असल्याने मला सूट मिळावी’ असे लिहिलेला अर्ज मी स्वतः खाली ठेवलेला आहे, कारण त्यावर मंजुरीचा शेरा मारायला आधारच मिळत नसे. उलट, ‘घरी अमुक वयाची दोन मुले आहेत, पती राज्याबाहेर सेवेत आहेत, सासू-सासरे पाटण तालुक्यात राहतात, मतदानाच्या आदल्या रात्री मुलांना सांभाळणारे कोणी नाही, म्हणून मुक्काम न लागेल असे जवळचे केंद्र द्यावे’ असे लिहिले, तर वाचणाऱ्याच्या हाती निर्णयाजोगी काहीतरी वस्तू येते. मुख्याध्यापकांच्या शिफारशीसह आणि पतींच्या युनिटच्या दाखल्यासह हा अर्ज तहसील कार्यालयाच्या निवडणूक शाखेत द्या, त्याची पोच घ्या आणि तो पहिल्या प्रशिक्षणापूर्वी द्या; साहित्य वाटपाच्या सकाळी दिलेल्या अर्जाचे काहीही होत नाही. पूर्ण सूट मागण्यापेक्षा सखी मतदान केंद्रावर नेमणूक मागणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. ही केंद्रे संपूर्णपणे महिला कर्मचारी चालवतात, बहुधा तालुक्याच्या गावी किंवा मोठ्या वस्तीत असतात, आणि अशा केंद्रांसाठी अनुभवी महिला मिळाल्या तर शाखेलाही हव्याच असतात. कोणाला कोणते केंद्र हे अखेर संगणकीय सरमिसळीने ठरते, तरीही मागणी नोंदवलेली असावी. शाळेने मागवलेल्या माहितीपत्रकात मात्र काही लपवू नका. राहण्याचा पत्ता, मतदार यादीतील नाव आणि मूळ गाव हे तिन्ही खरे लिहा, कारण कर्मचाऱ्याला त्याच्या स्वतःच्या मतदारसंघापासून दूर ठेवण्याचा हिशेब त्यावरूनच होतो.

सासऱ्यांना पोलिंग एजंट म्हणून बसता येईल. निवृत्तिवेतन घेणारा माणूस शासनाच्या सेवेत नसतो आणि ते त्या मतदारसंघाचे मतदार असतील, तर त्यांना अडवणारे काही नाही. त्यांच्या तेथे बसण्याने आपल्या नेमणुकीलाही बाधा येत नाही, कारण कलम 26 मधील मनाई काम करणाऱ्या व्यक्तीपुरती आहे, तिच्या नातेवाइकांपुरती नाही. मात्र तो उमेदवार आपल्या घरच्या जवळच्या नात्यातला असेल, तर ते लेखी कळवून मोकळे व्हा, आणि तो कोणीही असो, त्याच्या पत्रिका वाटणे, घरोघर जाणे, बैठकीला चहापाण्यास बसणे यांपासून आपण दूर राहा. निवडणूक कामावरील व्यक्तीने उमेदवाराच्या बाजूने काही केल्यास कलम 129 नुसार सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे.

पतींनी मात्र बसू नये, हे त्यांना आजच कळवा. कलम 134 अ नुसार शासकीय सेवेतील व्यक्तीने उमेदवाराचा निवडणूक, मतदान किंवा मतमोजणी प्रतिनिधी म्हणून काम करणे हा तीन महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकणारा गुन्हा आहे. रजेवर असलेला सैनिक सेवेतच असतो. शिवाय वर सांगितलेला लष्करी नियम आहेच आणि त्याचा जाब युनिटमध्ये द्यावा लागेल तो निराळा. गावात कौतुकाने कोणी ‘फौजी आपल्या बाजूने बसला’ असा फोटो काढून फिरवला, तर प्रकरण त्या दिवशी संपणार नाही.

जाऊबाईंची हौस पुरवणे अवघड आहे. मतदान केंद्रावरील कामासाठी आपल्याकडे जाहिरात निघत नाही आणि गृहिणींकडून अर्ज घेतले जात नाहीत. पथके शासकीय व तत्सम कर्मचाऱ्यांतून भरली जातात. कायद्यात एक चोरवाट आहे खरी. ऐन वेळी मतदान अधिकारी गैरहजर राहिला, तर केंद्राध्यक्षाला तेथे हजर असलेल्या कोणाही व्यक्तीला, ती उमेदवाराची माणूस नसल्यास, मतदान अधिकारी नेमता येते आणि तसे जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याला कळवावे लागते. पण या आशेवर सकाळी सातला केंद्राबाहेर उभे राहण्यात अर्थ नाही. त्यांना सज्ञान मुलगी असेल, तर मात्र एक गोष्ट त्यांना जरूर सांगा : सैनिक मतदाराची सोय जोडीदारापुरतीच आहे, मुलांना ती नाही. मुलगी क्वार्टरमध्ये राहत असली तरी तिने पुण्याच्या पत्त्यावर नमुना 6 भरून सर्वसाधारण मतदार म्हणूनच नाव लावावे.

शेवटी पतींच्या मताविषयी. ते ऐन मतदानाच्या वेळी रजेवर गावी आले, तरी त्यांना केंद्रावर जाऊन मत देता येणार नाही, कारण त्यांचे मत टपालाने जाणारे आहे. त्यांना हवे असल्यास नमुना 13 फ भरून ते प्रतिनिधी मतदार, म्हणजे त्यांच्या वतीने केंद्रावर मत देणारी व्यक्ती, नेमू शकतात. ही सोय सेनादलांतील मतदारांना 2003 च्या दुरुस्तीपासून मिळाली आहे. प्रतिनिधी त्याच मतदारसंघात राहणारा असावा लागतो आणि त्याच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाला शाई लावतात, म्हणजे त्याचे स्वतःचे मत वेगळे राहते. आपण दहिवडीच्या मतदार झाल्यावर आणि कामावर असताना पाटणला पोहोचणे शक्य नसल्यामुळे हे काम सासऱ्यांकडे द्यावे. पुढच्या रजेत पती घरी आले की दोघांनी एकाच वेळी नोटरीसमोर सह्या करून तो नमुना निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोहोचवावा. पती युनिटमध्ये असताना करायचे झाले, तर आधी कमांडिंग ऑफिसरसमोर त्यांची सही आणि मग गावी सासऱ्यांची, असा तोच कागद दोनदा प्रवास करतो.